लढतीच्या व्हिडिओ खेळांतील दांडी : साधन, हात आणि मालकी

(१) विषय व त्याची मर्यादा

साधनांचा इतिहास बहुधा उत्पादनाच्या अंगाने लिहिला जातो. एखादे साधन कोणी शोधून काढले, ते कोठे तयार झाले आणि त्यामुळे काम किती वाढले, हे प्रश्न अभ्यासकाला सहज सुचतात. ते साधन रोज हातात धरणाऱ्या माणसाने त्यात कोणते फेरफार केले, आणि तसे करण्याचा अधिकार त्याला होता की नव्हता, हा प्रश्न मात्र बहुधा मागे राहतो. वस्तुतः साधन आणि हात ह्यांचा संबंध ज्या काळात बदलतो, तो काळ सामाजिक इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा असतो.

पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर हे दोन तालुके ह्या बाबतीत बोलके उदाहरण आहेत. येथील जुन्या शेतीत नांगर गावचा सुतार घडवी व फाळ लोहार बसवी. दोघेही बलुतेदार असल्यामुळे त्यांचा मोबदला सुगीच्या वेळी धान्याच्या रूपाने मिळे. रुमणे किती उंच ठेवावयाचे आणि मूठ कशी बसवावयाची, हे नांगर धरणाऱ्याच्या उंचीवरून ठरे. साधनात दोष निघाला तर तो दूर करणारा माणूस गावातच असे. १९०३ मध्ये लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसली, आणि कारखान्यात तयार झालेले आऊत शेतकऱ्याच्या दारी येऊ लागले. ते अधिक खोल नांगरी व अधिक टिके. पण ते साच्यातून निघालेले असून सर्वांसाठी एकाच मापाचे होते. पुढे नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर पोसलेल्या उसाच्या पट्ट्यात, इंदापूर तालुक्यात, वालचंदनगर उभे राहिले. साखर कारखान्यापासून निघालेली ही वसाहत अवजड यंत्रांपर्यंत आणि इस्रोच्या प्रक्षेपकांच्या मोटारींच्या आवरणांपर्यंत पोहोचली. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत १९९९ मध्ये पियाजिओ कंपनीच्या तीनचाकी वाहनांचे उत्पादन सुरू झाले. गावच्या सुताराने माणूस पाहून घडविलेल्या साधनापासून कारखान्याने माप ठरवून दिलेल्या साधनापर्यंतचे हे स्थित्यंतर काही थोड्या पिढ्यांच्या अवधीत घडले.

ह्या स्थित्यंतराची उलट दिशा, म्हणजे कारखान्याने दिलेले साधन वापरणाऱ्याने उघडून पुन्हा आपल्या हाताप्रमाणे करून घेणे, एका अगदी लहान व अर्वाचीन वस्तूच्या इतिहासात स्पष्टपणे पाहावयास मिळते. ती वस्तू म्हणजे लढतीच्या व्हिडिओ खेळांसाठी वापरली जाणारी दांडी व तिच्याबरोबरची बटणे. खेळाडू तिला फाइट स्टिक म्हणतात. पत्र्याच्या, लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पेटीवर डावीकडे एक उभी दांडी, उजवीकडे सहा ते आठ बटणे आणि आत एक सर्किट बोर्ड, एवढीच तिची रचना. वस्तू क्षुल्लक वाटली तरी तिच्या इतिहासाला दोन सोयी आहेत. तो जेमतेम साठ वर्षांचा असल्यामुळे त्याचे टप्पे सनावळीसह सांगता येतात. आणि त्यात कारखानदार, यंत्राचा मालक, खेळाडू व शासन ह्या चौघांचे हितसंबंध एकमेकांत न मिसळता दिसतात. त्याचे उगमस्थान अमेरिका व जपान असले तरी महाराष्ट्रातही त्याचा एक अध्याय घडला आहे.

(२) उगम : प्रयोगशाळेतून नाण्याच्या यंत्राकडे

दांडी हलवून दिशा देण्याची कल्पना विमानविद्येतून आली. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातच वैमानिकाच्या हाती अशी दांडी आली होती आणि जॉयस्टिक हे नावही तेथूनच रूढ झाले. व्हिडिओ खेळांत तिचा प्रवेश कसा झाला, ही हकीकत प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्याच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ ह्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा दोन अंतराळयानांच्या द्वंद्वाचा खेळ तयार केला. प्रथम तो संगणकाच्या दर्शनी फळीवरील स्विच दाबून खेळला जाई. ते स्विच खेळासाठी बसविलेले नव्हते. हात अवघडत व कोपरे दुखत. तेव्हा ॲलन कोटॉक व बॉब साँडर्स ह्या दोघांनी, खेळण्यातील रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या विद्यार्थी मंडळाजवळच्या सुट्या सामानातून, हातात धरण्याजोगे स्वतंत्र नियंत्रक तयार केले. म्हणजे ह्या जातीच्या खेळाच्या आरंभीच, निर्मात्याने दिलेले साधन गैरसोयीचे ठरले म्हणून वापरणाऱ्यांनी दुसरे घडविले. साधनातील फेरफार ही नंतर सुचलेली चैन नसून ह्या खेळाच्या जन्माइतकीच जुनी गोष्ट आहे.

पुढच्या दशकात हा खेळ विद्यापीठातून बाजारात आला आणि परिस्थिती पालटली. १९७२ मध्ये अटारी कंपनीने ‘पाँग’ आणले. १९७८ मध्ये जपानच्या टायटो कंपनीचे ‘स्पेस इन्व्हेडर्स’ व १९८० मध्ये नामको कंपनीचे ‘पॅक-मॅन’ आले. नाणे टाकून चालणारी ही यंत्रे उपाहारगृहांत व खेळघरांत उभी राहिली. आता यंत्राचा ग्राहक खेळाडू नव्हता. तो यंत्र विकत घेऊन नाणी गोळा करणारा मालक होता. दांडी त्याच्या गरजेप्रमाणे घडली. ती दिवसभर शेकडो अनोळखी हातांखाली टिकली पाहिजे, सहज मोडता कामा नये आणि मोडल्यास स्वस्तात बदलता आली पाहिजे, हे तिचे गुण ठरले. ‘पॅक-मॅन’च्या दांडीला वर, खाली, डावीकडे व उजवीकडे अशा चारच दिशा होत्या, कारण त्या खेळाला तेवढ्या पुरत. घरगुती खेळाच्या बाबतीतही मानक कारखान्यानेच ठरविले. अटारीच्या १९७७ च्या घरगुती यंत्राबरोबर येणाऱ्या दांडीचे एकमेव बटण डाव्या कोपऱ्यात होते. डाव्या हाताने बटण व उजव्याने दांडी अशी तिची मांडणी होती. पुढे लढतीच्या खेळांनी हीच मांडणी उलटी करून दांडी डाव्या हाताला दिली. हातांची ही वाटणी निसर्गसिद्ध नसून संकेताने ठरलेली आहे, हे ह्यावरून ध्यानात येते.

(३) लढतीचे खेळ आणि सूक्ष्मतेची गरज

दोन प्रतिस्पर्धी समोरासमोर उभे करून हातपायांनी लढविण्याचे खेळ १९८० नंतरच्या दशकात आकारास आले. १९८४ च्या ‘कराटे चॅम्प’मध्ये प्रत्येक खेळाडूला दोन दांड्या होत्या व बटणे नव्हती. १९८७ मध्ये जपानच्या कॅपकॉम कंपनीने ‘स्ट्रीट फायटर’ आणले. त्याच्या एका प्रकारात बटणांऐवजी दाब ओळखणाऱ्या रबरी गाद्या होत्या. गादीवर जितक्या जोराने मूठ आपटावी तितका पडद्यावरील ठोसा जोरकस, अशी ती योजना होती. कल्पना आकर्षक होती. व्यवहारात मात्र खेळाडूंचे हात दुखू लागले व यंत्रे मोडू लागली. तेव्हा गाद्यांच्या जागी सहा बटणांची मांडणी रूढ झाली. हलका, मध्यम व भारी असे तीन ठोसे आणि तशाच तीन लाथा. शरीराच्या बळाची जागा येथे बोटांच्या निवडीने घेतली, आणि लढतीचा खेळ हा ताकदीचा न राहता वेळ साधण्याचा खेळ झाला.

१९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ने हा प्रकार जगभर पसरविला. त्यातील पात्रांत धालसिम नावाचा एक भारतीय योगीही होता. त्याचे हातपाय रबरासारखे लांबत व तोंडातून ज्वाळा निघत. भारतीयांविषयीच्या परकीय कल्पनांचा मासला म्हणून तो पाहण्यासारखा आहेच. परंतु येथे महत्त्व आहे ते त्या ज्वाळा काढण्याच्या कृतीला. दांडी प्रथम खाली, मग तिरपी खाली-पुढे आणि मग सरळ पुढे नेऊन त्याच क्षणी ठोशाचे बटण दाबावे लागे. पडद्यावरील चित्र सेकंदाला साठ वेळा बदलते आणि यंत्र त्याच गतीने दांडीची स्थिती पाहते. वर्तुळाचा चौथा भाग रेखाटताना मधली तिरपी दिशा निसटली, तर अपेक्षित डाव न पडता साधा ठोसा पडतो. दांडीतील अर्ध्या मिलिमीटरच्या ढिलाईलाही ह्यामुळे अर्थ आला.

ही दांडी आतून कशी चालते हे पाहिल्याखेरीज पुढील फेरफारांचे मर्म कळणार नाही. दांडीच्या बुडाशी चार बाजूंना चार लहान स्विच असतात. दांडी कलली की तिच्या खालच्या टोकावरील गोल तुकडा त्या बाजूचा स्विच दाबतो. तिरपी कलली की शेजारचे दोन स्विच एकदम दाबले जातात, आणि अशा रीतीने चार स्विचांतून आठ दिशा निघतात. हात सोडल्यावर दांडी मध्यभागी परत आणण्याचे काम स्प्रिंग करते. दांडीने किती दूर जावे हे तळाशी बसविलेली चौकट ठरविते. खेळाडू तिला गेट म्हणतात. चौकट चौकोनी असली तर तिच्या चार कोपऱ्यांत तिरप्या दिशा अचूक सापडतात. अष्टकोनी असली तर प्रत्येक दिशेला खाच मिळते. गोल असली तर हात अडखळत नाही, पण दिशेची खूणही मिळत नाही.

ह्या बाबतीत तीन देशांत तीन वळणे पडली. जपानमध्ये सान्वा व सेइमित्सु ह्या कंपन्यांच्या दांड्या रूढ झाल्या. त्यांचा माथा चेंडूसारखा गोल असतो, स्प्रिंग हलकी असते, चौकट बहुधा चौकोनी असते, आणि तीस मिलिमीटर व्यासाची बटणे बोटाच्या किंचित दाबाने लागतात. अमेरिकेत हॅप कंपनीच्या लांबट माथ्याच्या दणकट दांड्या व खोलगट बटणे प्रचारात होती. दक्षिण कोरियात स्प्रिंगऐवजी रबराच्या कड्याने दांडी मध्यावर आणण्याची पद्धत पडली व तिच्याबरोबर गोल चौकट आली. ‘टेकन’ ह्या खेळाचे खेळाडू तिला विशेष मानतात. खेळ एकच, परंतु हाताची शिस्त प्रत्येक देशात वेगळी, असा हा प्रकार होता. कुस्तीचे डाव एक असले तरी तालमीतालमीची पकड वेगळी असते, त्यासारखेच हे होय.

(४) महाराष्ट्रातील पार्लर, मालक आणि कायदा

भारतात हे खेळ प्रथम मोठ्या शहरांतील व्हिडिओ गेम पार्लरमध्ये आले व तेथून लहान गावांकडे सरकले. एका बाबतीत ह्या प्रसाराला तांत्रिक कारण होते. १९८५ मध्ये जपानी उत्पादकांच्या संघटनेने जामा नावाचे मानक ठरविले. त्यानुसार खेळाचा सर्किट बोर्ड व यंत्राची पेटी ह्यांना जोडणारी छप्पन्न टोकांची एकच जोडणी निश्चित झाली. पेटी, पडदा व दांडी तशीच ठेवून आतला बोर्ड तेवढा बदलला की नवा खेळ सुरू होई. पेटी स्थानिक सुताराकडून करून घ्यावी, पडदा म्हणून दूरचित्रवाणी संचाची नळी बसवावी आणि बोर्ड तेवढा बाहेरून आणावा, हे ह्यामुळे शक्य झाले. मानकातही उणीव होती. त्यात सहा बटणांची सोय नसल्याने ‘स्ट्रीट फायटर २’च्या तीन लाथांसाठी निराळ्या तारा ओढाव्या लागत.

१९९३ मध्ये कॅपकॉमचा ‘कॅडिलॅक्स अँड डायनॉसॉर्स’ हा खेळ निघाला. रस्त्याने चालत एकामागून एक शत्रूंना लोळविण्याचा हा खेळ भारतात त्याच्या नावाने क्वचितच ओळखला गेला. त्यातील एका पात्राच्या नावावरून लोक त्याला ‘मुस्तफा’ म्हणत. दूरदेशी बनलेल्या वस्तूला वापरणाऱ्यांनी आपल्या सोयीचे नाव द्यावे, हाही एक प्रकारचा फेरफारच होय. परंतु नावाखेरीज दुसरे काही बदलण्याचा अधिकार त्या मुलांना नव्हता. दांडी सैल झाली, एखादे बटण अडकले, तर त्यांच्यापुढे दोनच मार्ग होते : दुसऱ्या पेटीकडे जाणे, अथवा त्या दोषासकट खेळणे. पार्लरमधील दांडीत फेरफार करणारा एकच माणूस होता. तो म्हणजे मालक, किंवा त्याने बोलाविलेला दुरुस्ती करणारा.

मालकाचा अधिकार दांडीपुरता नव्हता. बोर्डावर लहान लहान स्विचांची एक रांग असते. तिला डिप स्विच म्हणतात. एका नाण्यात किती डाव मिळावेत, खेळ सोपा असावा की अवघड, प्रत्येक फेरीला किती वेळ द्यावा, हे त्या स्विचांवर ठरे. पेटीच्या कुलपाची किल्ली ज्याच्याजवळ, त्याच्याजवळ खेळाची काठिण्यपातळीही होती. खेळाडूला आपण हरलो ते आपल्या चुकीने, दांडीच्या ढिलाईने की आतल्या स्विचाने, हे कळण्याचा मार्ग नव्हता.

हा मुद्दा पुढे न्यायालयापुढेही आला. सार्वजनिक करमणुकीच्या जागांना परवाना देण्याचे अधिकार राज्यांच्या पोलीस कायद्यांत असतात. महाराष्ट्रात ते १९५१ च्या मुंबई पोलीस अधिनियमाखाली होते, आणि व्हिडिओ खेळांवर १९२३ च्या मनोरंजन शुल्क अधिनियमान्वये शुल्कही आकारले जाई. कर्नाटकातील अशाच नियंत्रणाविरुद्ध पार्लरचालकांनी केलेल्या दाव्यांत, एम. जे. शिवानी विरुद्ध कर्नाटक राज्य ह्या १९९५ च्या निकालात, सर्वोच्च न्यायालयाने परवान्याची अट वैध ठरविली. हे खेळ कौशल्याचे की नशिबाचे, हा वादाचा विषय होता. आणि यंत्रात फेरफार करून खेळाडूच्या जिंकण्याची शक्यता जवळजवळ नाहीशी करता येते, ही गोष्ट न्यायालयाने विचारात घेतली. त्या निकालापुढील यंत्रे सर्व लढतीची नव्हती आणि जुगाराचा प्रश्न त्यात प्रमुख होता, हे खरे. तथापि त्यातून निघणारे तत्त्व लढतीच्या खेळालाही लागू पडते. साधनात गुप्तपणे फेरफार करण्याची मुभा ज्याला असते, त्याच्या हाती कौशल्याचा खेळ नशिबाचा करण्याची शक्तीही असते. खेळाडूने आपली दांडी आपण जुळविण्याची चळवळ ही मौजेखातर झालेली नाही. तिच्या मुळाशी हारजितीचे कारण आपल्या हातात असावे ही आकांक्षा आहे.

(५) दांडी खेळाडूच्या घरी येते

घरगुती खेळयंत्रे सुधारली तशी सार्वजनिक खेळघरे अनेक देशांत ओसरू लागली. १९९० मध्ये निघालेल्या निओ-जिओ ह्या महागड्या घरगुती यंत्राबरोबर खेळघरासारखी दांडीच दिली जाई. परंतु बहुतेक यंत्रांबरोबर अंगठ्याने चालविण्याचा लहान पॅड मिळे. खेळघरात हात घडलेल्या खेळाडूंना तो अपुरा वाटला. त्यातून एक घरगुती उद्योग निर्माण झाला. पॅड उघडून त्यातील सर्किट बोर्ड काढावयाचा, प्रत्येक बटणाच्या संपर्कबिंदूवर बारीक तार सोल्डर करावयाची आणि त्या तारा खेळघरातील दांडी व बटणांना जोडावयाच्या. पेटी लाकडाची, दांडी सान्वाची, मेंदू पॅडचा, असे हे मिश्र साधन होते. त्यासाठी कोणत्या बोर्डावर सर्व बटणांची परतीची तार सामाईक आहे हे आधी पारखावे लागे; तशी नसल्यास काम फार किचकट होई. हे ज्ञान खेळाडूंनी एकमेकांना दिले. ते कोणत्याही कारखान्याच्या पुस्तिकेत नव्हते.

स्पर्धांच्या इतिहासात २००४ हे वर्ष ह्या दृष्टीने निर्णायक ठरले. अमेरिकेतील इव्हो ही स्पर्धा १९९६ मध्ये ‘बॅटल बाय द बे’ ह्या नावाने सुरू झाली होती. २००४ मध्ये तिचे सर्व सामने खेळघरातील पेट्यांऐवजी घरगुती यंत्रांवर झाले. ह्याचा अर्थ असा की तोपर्यंत दोघेही स्पर्धक आयोजकाने मांडलेल्या एकाच पेटीवर लढत. आता प्रत्येकजण आपले साधन बरोबर घेऊन येऊ लागला. साधनाची मालकी मालकाकडून खेळाडूकडे गेली, तिची तारीख सांगावयाची झाल्यास हीच सांगावी लागेल.

त्यानंतर कारखानदारही खेळाडूच्या मागे आला. २००९ मध्ये ‘स्ट्रीट फायटर ४’ घरगुती यंत्रांवर आले, त्याबरोबर मॅड कॅट्झ कंपनीने सान्वाची दांडी व बटणे बसविलेली स्पर्धायोग्य पेटी विकावयास काढली. बुडाचे स्क्रू काढले की तिचे आतील भाग सोल्डर न करता बदलता येत. फेरफार ही आता थोड्यांची कारागिरी न राहता सर्वसाधारण खेळाडूची सवय झाली. कोणी ताठ स्प्रिंग घाली म्हणजे दांडी लवकर मध्यावर येई, कोणी बुडाचा गोल तुकडा जाड बसवी म्हणजे स्विच लवकर लागे, कोणी चौकट बदली, कोणी माथा. प्रत्येक फेरफाराला किंमत मोजावी लागे. ताठ स्प्रिंगने मनगट लवकर थकते, आणि जाड तुकड्याने नको असलेली दिशाही लागते. म्हणून अनुभवी खेळाडू एका वेळी एकच भाग बदलून पुष्कळ दिवस खेळून पाहतो. ही पद्धत प्रयोगशास्त्राला धरूनच आहे.

मॅड कॅट्झ कंपनीचे २०१७ मध्ये दिवाळे निघाले, पण तिच्या पेट्या निकामी झाल्या नाहीत, कारण त्यांतील प्रत्येक भाग स्वतंत्रपणे मिळत होता. तैवानच्या ब्रूक कंपनीचे अनेक यंत्रांना चालणारे बोर्ड निघाले, आणि २०२१ मध्ये बाजारात आलेल्या रास्पबेरी पाय पिको ह्या अल्पमोली बोर्डावर खेळाडूंनीच लिहिलेला मुक्त प्रणालीसंच चालू लागला. आता मेंदूही परका राहिला नाही. पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीसारख्या बाजारात स्विच, तारा व सोल्डरचे सामान मिळते. पेटी कोणत्याही सुताराकडून होते. बारामतीच्या विद्या प्रतिष्ठानच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकणाऱ्या, किंवा वालचंदनगरच्या यंत्रशाळेच्या सान्निध्यात वाढलेल्या तरुणाला ह्या कामात अवघड असे काहीच नाही. जपानी दांडी तेवढी परदेशातून मागवावी लागते.

(६) फेरफाराची मर्यादा

साधन खेळाडूचे झाले की दुसरा प्रश्न उभा राहतो. पार्लरमध्ये भीती होती ती मालकाच्या फेरफाराची. स्पर्धेत ती प्रतिस्पर्ध्याच्या फेरफाराची असते. दांडी अजिबात काढून टाकून चारही दिशांना बटणे बसविलेली साधने गेल्या दशकात पुढे आली. दांडी एकाच वेळी डावीकडे व उजवीकडे कलू शकत नाही. बटणे मात्र दोन्ही एकदम दाबता येतात. एक दिशा धरून ठेवून मग तिच्या उलट दिशा द्यावयाची, असे काही डाव आहेत; त्यांना दांडीने जेवढा वेळ लागतो तेवढा बटणांनी लागत नाही. अशा वेळी यंत्राने कोणती दिशा खरी मानावी? हा प्रश्न विद्युत्तंत्राचा दिसला तरी वस्तुतः तो न्यायाचा आहे. २०१९ मध्ये दाइगो उमेहारा ह्या ख्यातनाम जपानी खेळाडूच्या बटणी साधनाला कॅपकॉमच्या स्पर्धामालिकेत मनाई झाली, आणि २०२३ च्या मोसमासाठी परस्परविरोधी दिशा एकदम आल्यास काय व्हावे ह्याविषयीही कंपनीने नियम घातले.

मर्यादा घालताना साधन सर्वांचे सारखे असावे असा आग्रह धरता येईल. पण तो व्यवहार्य नाही आणि आवश्यकही नाही. महाराष्ट्र केसरीच्या कुस्तीत माती व गादी असे दोन विभाग आहेत. दोन्ही ठिकाणी पायाची पकड, दम व डावांची निवड वेगळी असते. तरी दोन विभागांचे विजेते अखेर एकमेकांशी लढतात आणि निकाल मान्य होतो. मान्यतेचे कारण हे की भेद उघड आहे, तो सर्वांना आधीच माहीत आहे, आणि लंगोट कसून मातीवर उतरणाऱ्याला कोणीही पाहू शकतो. दांडी, पॅड व बटणे वापरणारे एकाच स्पर्धेत लढतात, त्याचा आधारही हाच असला पाहिजे. हाताची हालचाल अचूकपणे यंत्रापर्यंत पोहोचविणारा फेरफार ग्राह्य. हाताने न केलेली हालचाल आपण होऊन करणारा फेरफार त्याज्य. एका बटणात डावांची मालिका साठवून ठेवणे म्हणूनच निषिद्ध मानले जाते.

भारतात ह्या भेदाला आता कायद्याचेही महत्त्व आले आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-स्पोर्ट्सला क्रीडा मंत्रालयाच्या कक्षेत आणले. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ‘स्ट्रीट फायटर ५’ हा पदकाचा खेळ होता व त्यात भारतीय खेळाडू उतरले होते. २०२५ च्या ऑनलाइन खेळांविषयीच्या केंद्रीय अधिनियमाने ई-स्पोर्ट्सना मान्यता देऊन पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना मनाई केली. १९९५ च्या निकालात ज्या दोन गोष्टी एकाच परवान्याखाली येत होत्या, त्या तीस वर्षांनी विधिमंडळाने वेगळ्या केल्या.

(७) निष्कर्ष

वरील विवेचनातून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, साधनातील फेरफार म्हणजे कारखान्याच्या कृतीचा विपर्यास नव्हे. ‘स्पेसवॉर’च्या नियंत्रकांपासून तो ह्या खेळाच्या वाढीचा एक प्रमुख मार्ग राहिला आहे. दुसरी ही की, फेरफार चांगला की वाईट, हे तो कोण करतो व उघडपणे करतो की गुप्तपणे, ह्यावर अवलंबून असते. पार्लरच्या कुलुपबंद पेटीतील डिप स्विच आणि खेळाडूच्या पेटीतील ताठ स्प्रिंग, दोन्ही फेरफारच. पण पहिल्याने कौशल्य झाकले जाते व दुसऱ्याने ते प्रकट होते. तिसरी ही की, सुटे भाग मिळतात आणि जोडणी ठरावीक असते तेथेच वापरणाऱ्याचा हा अधिकार टिकतो. जामाची छप्पन्न टोके व सान्वाच्या दांडीचे सर्वमान्य माप ह्यांनी जे साधले, ते कोणत्याही घोषणेने साधले नसते.

ह्या तिसऱ्या गोष्टीचा संबंध खेळापलीकडे पोहोचतो. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या अधिकाराची चौकट ठरविण्यासाठी समिती नेमली. तिने प्रथम विचारात घेतलेल्या क्षेत्रांत शेतीची अवजारे, मोबाइल फोन, टिकाऊ घरगुती वस्तू व वाहने ही आहेत. बारामती-इंदापूरच्या शेतकऱ्याजवळ आज ट्रॅक्टर आहे, ठिबक सिंचनाचा स्वयंचलित नियंत्रक आहे व खिशात फोन आहे. त्यांतील किती साधने तो वा गावचा कारागीर उघडू शकतो, हा प्रश्न आर्थिक इतिहासाचा भाग होऊ पाहत आहे.

संशोधनाच्या दृष्टीने एक काम मात्र तातडीचे आहे. तालुक्याच्या गावांतील पार्लर आता जवळजवळ नाहीसे झाले. त्यांच्या लाकडी पेट्या सरपणाला गेल्या, बोर्ड भंगारात गेले. परवान्यांचे व मनोरंजन शुल्काचे कागद, ते शुल्क २०१७ मध्ये वस्तू व सेवा करात विलीन झाल्यानंतर, कार्यालयांच्या जुन्या दप्तरांत पडून असतील तर असतील. पेट्या करणारे सुतार, पडदे दुरुस्त करणारे रेडिओ-मेकॅनिक व पार्लरचे चालक ह्यांपैकी पुष्कळजण अद्याप हयात आहेत व त्यांच्या मुलाखती घेता येतील. बलुतेदारांच्या साधनांचा अभ्यास सुरू झाला तेव्हा ती साधने वापरातून गेली होती आणि ती घडविणारे पुष्कळसे हातही उरले नव्हते. व्हिडिओ खेळांच्या बाबतीत त्या अभ्यासाला अद्याप उशीर झालेला नाही. पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी एकेक तालुका निवडून ही माहिती जमविल्यास, महाराष्ट्राच्या अर्वाचीन लोकजीवनाच्या इतिहासातील एक उणीव त्यामुळे भरून निघेल.